नाव पोलिसांचे, अंमल लष्कराचा

सप्टेंबर १९४८ ची कारवाई आमच्या हिमायतनगरात अजून ‘पोलीस ॲक्शन’ म्हणूनच ओळखली जाते. आले होते लष्कर. रझाकारी संपली, हे मोलाचेच. पण डिसेंबर १९४९ पर्यंत हैदराबाद संस्थानावर मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल राहिला. कारवाईनंतर झालेल्या मुसलमानांच्या कत्तलींची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत आमचा नांदेड मोजला. अहवाल कित्येक दशके दप्तरातच पडून होता.

१९५० मध्ये राज्यघटना आली. तिचे ३४ वे कलम लष्करी कायद्याची व्याख्या करीत नाही. तो लागू असताना घडलेल्या कृत्यांना संसदेने अभय देता यावे, याची सोय तेवढी करते. हक्क गेला, दादही गेली, तर नागरिकाजवळ उरते केवळ साक्ष. मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय शिकवताना आम्ही ती मागत नाही. ‘पोलीस’ हा शब्द मात्र निमूटपणे फळ्यावर लिहितो.