बंद शेडची गोष्ट

रविवारची रात्रीची जेवणे आटोपली, की पुष्कळ घरांत पडद्यावर एखादी गुन्हेगारी मालिका सुरू होते. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागत असे, तेव्हा सगळे घर एकाच चोराच्या मागे धावत असे. आता ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनवर ज्याचा त्याचा गुन्हेगार असतो. पण विषय फारसे बदललेले नाहीत, आणि त्यात अमली पदार्थांची आंतरराष्ट्रीय टोळी हा तर हुकमी विषय. त्याची मांडणीही ठरलेली. समुद्रावर एक बोट, विमानतळावर एक बॅग, उंची सूट घातलेला एक म्होरक्या आणि शेवटच्या भागात त्याच्या हातात पडणाऱ्या बेड्या. हे सगळे कुठेतरी कोलंबियात नाहीतर दुबईत घडते, अशी खात्री करून घेऊन आपण दिवा मालवतो.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला मात्र ही खात्री आता परवडणारी नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकणजवळ शेलपिंपळगाव परिसरात २० किलो मेफेड्रोन पकडले. पोलिसांनी सांगितलेली किंमत २० कोटी रुपये. मेफेड्रोन म्हणजे तरुणांच्या बोलण्यातले 'एमडी' किंवा 'म्याव म्याव'. तो माल कोणत्याही बंदरावरून आलेला नव्हता. तपासाचा धागा गेला तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याकडे. माल तिथेच तयार झाला, असे पोलिसांचे म्हणणे होते. याच प्रकरणात नाशिकच्या ललित पाटील याला अटक झाली.

पुढचे सर्वांच्या लक्षात आहे. येरवड्याच्या कारागृहातला हा आरोपी उपचारांसाठी ससून रुग्णालयात दाखल होता. ३० सप्टेंबर २०२३ रोजी रुग्णालयाच्या बाहेरच सुमारे दोन कोटींचे मेफेड्रोन सापडले, आणि २ ऑक्टोबरला आरोपी पळाला. पाठोपाठ मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यावर छापा घालून सुमारे ३०० कोटींचा माल जप्त केला. पंधरवड्यात आरोपीही दक्षिणेत, बंगळुरूच्या बाजूला पकडला गेला. पोलीस निलंबित झाले, विधिमंडळात गदारोळ झाला, वृत्तवाहिन्यांना महिनाभराचे खाद्य मिळाले.

आता स्वतःलाच एक प्रश्न विचारून पाहू. या सगळ्यातले आपल्याला काय आठवते? आरोपीचे नाव आठवते, रुग्णालय आठवते, पलायन आठवते. रांजणगावची ती शेड कुणाला आठवते? ती कुणाची होती, कशी मिळाली, तिथे पिंपे कोण आणत होते, वीज कोणत्या कामासाठी वापरली जात होती, हे आपण विचारले का? नाही. कारण मालिकांनी आपल्याला माणसाची गोष्ट पाहायला शिकवले आहे, जागेची नव्हे. मालिकेला चेहरा लागतो, शेडला तो नसतो.

सोलापूरचेही असेच झाले. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यावर छापा घातला. सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त झाले. पोलिसांच्या हिशेबाने किंमत २००० कोटी. एफेड्रिन हे मुळात औषधाच्या कामाचे रसायन, पण त्यापासून मेथ हा भयंकर अमली पदार्थही करता येतो. या कथेत केनिया होते, तिथे राहणारा विकी गोस्वामी होता आणि ममता कुलकर्णी हे चित्रपटसृष्टीतले एके काळचे गाजलेले नावही होते. मग काय विचारता! सगळा झोत त्या नावावर गेला. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी तिच्यावरचा गुन्हा रद्द केला. तोवर आठ वर्षे लोकांच्या लेखी ते प्रकरण तिच्याच नावाचे होते.

खरी मोठी गोष्ट न्यूयॉर्कच्या न्यायालयात उलगडत होती. मोम्बासाच्या आकाशा बंधूंना केनियातून अमेरिकेत नेण्यात आले. त्यांनी गुन्हा कबूल केला. थोरल्याला २०१९ मध्ये २५ वर्षांची आणि धाकट्याला २०२० मध्ये २३ वर्षांची शिक्षा झाली. सोलापूरच्या एफेड्रिनपासून आफ्रिकेत मेथ तयार करण्याचा त्यांचा बेत होता आणि सोलापूरच्या छाप्यामुळे तो फसला, असे तिथल्या सरकारी वकिलांनी मांडले. म्हणजे जगभर पसरलेल्या एका जाळ्याची एक गाठ आपल्या सोलापूरच्या माळावर होती, आणि ती सुटताच पुढचा डाव मोडला. बोटीवरच्या झटापटीपेक्षा ही हकीकत कितीतरी मोलाची आहे. पण तिच्यावर मालिका कोण काढणार?

सगळ्या मालिकांना एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. २००८ ते २०१३ या काळात आलेली 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकी मालिका या बाबतीत सत्याच्या बरीच जवळ गेली. तिचा नायक रसायनशास्त्राचा मास्तर. तो गुंड नाही. हुशार आहे, दुखावलेला आहे आणि कर्करोग झाल्यावर घरच्यांसाठी पैसा मागे ठेवायला निघालेला आहे. त्याचा मोठा कारखाना चालतो तो कपडे धुण्याच्या एका व्यवसायाच्या खाली. माल जातो तो कोंबडीच्या खाद्यपदार्थांच्या दुकानसाखळीच्या डब्यांतून. बाहेरून पाहावे तर सगळे स्वच्छ, वेळेवर, बिलासकट.

हा कल्पनाविलास वाटत असेल, तर फेब्रुवारी २०२४ मधल्या पुणे पोलिसांच्या कारवाईकडे पाहा. विश्रांतवाडीच्या गोदामात मेफेड्रोन मिठाच्या साठ्यात दडवलेले होते. तिथून तपास दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत गेला, पुढे दिल्ली आणि सांगलीच्या कुपवाडपर्यंत. सतराशे किलोंहून अधिक माल, किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे. तयार खाद्यपदार्थांच्या पाकिटांतून तो लंडनला जात होता, असे पोलिसांनी सांगितले. अटक झालेल्यांत रसायनाचे उच्च शिक्षण घेतलेला माणूसही होता. मीठ, खाऊची पाकिटे आणि शिकलेला रसायनतज्ज्ञ. मालिकेच्या लेखकाने आणखी काय वेगळे लिहिले होते?

हे सारे औद्योगिक वसाहतींच्याच वाट्याला का यावे? कारण साधे आहे. अफूला शेत लागते, कोकेनला दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातली झुडपे लागतात. मेफेड्रोनला यातले काहीच लागत नाही. ते सर्वस्वी रसायनांपासून तयार होते. त्याला लागते एक शेड, काही पिंपे, भांडी आणि रसायन जाणणारा एक माणूस. म्हणजे नेमके तेच, जे आपल्या पट्ट्यात मुबलक आहे. दुसऱ्या गावात रसायनाचा वास आला तर लोक गोळा होतात, इथे नाकाला रुमाल लावून पुढे जातात. दुसरीकडे रात्री दोन वाजता टेम्पो भरला जात असेल तर कुत्री भुंकतात, इथे ती तिसरी पाळी असते. प्लॉट एकाचा, चालवायला दुसऱ्याला, त्यातला गाळा पोटभाड्याने तिसऱ्याला, हेही इथे नवीन नाही. भाडे वेळेवर आले, अनामत रक्कम भरभक्कम मिळाली, की 'आत काय चालते' हा प्रश्न उद्धटपणाचा ठरतो. आपल्या प्रामाणिक धंद्याच्या ज्या सवयी आहेत, त्यांच्याच आडोशाला हा धंदा उभा राहतो.

म्होरक्या परदेशी असेलही. पण टेम्पोचा चालक आपला असतो. रात्रीचा वॉचमन आपला असतो. कंत्राटी कामगार आपला असतो आणि बीएस्सी होऊन आठ-दहा वर्षे तुटपुंज्या पगारावर काढलेला, 'एक बॅच काढून दे, वर्षाचा पगार देतो' या शब्दाने विरघळणारा केमिस्टही आपलाच असतो. मालिकेत ही माणसे दोन मिनिटे दिसतात आणि गोळी लागून पडतात. प्रत्यक्षात त्यांची आयुष्ये पडतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात मेफेड्रोनची व्यापारी मात्रा अवघी ५० ग्रॅम आहे. तेवढे सापडले आणि गुन्हा सिद्ध झाला, तर किमान दहा वर्षांचा तुरुंगवास आणि किमान एक लाख दंड. खटला उभा राहीपर्यंत जामीन मिळणेही महाकठीण. 'गोणीत काय होते ते मला ठाऊक नव्हते' हे सिद्ध करण्याचे ओझे बहुतांशी आरोपीच्याच डोक्यावर येते. आणि मालकांनीही हे ध्यानात ठेवावे, की आपल्या जागेचा असा वापर जाणूनबुजून होऊ दिला, तर त्याच कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने त्या गुन्ह्याचीच शिक्षा जागेच्या मालकालाही होते.

यावर कुणी म्हणेल, की दोन-चार शेडींपायी हजारो उद्योगांकडे संशयाने पाहायचे का? पुन्हा इन्स्पेक्टरांचे राज्य आणायचे का? आक्षेपात तथ्य आहे. तपासणीच्या नावाखाली हप्ता वाढला, तर रोग परवडला पण औषध नको अशी गत होईल. पोलीस आला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. मार्च २०२४ मध्ये निगडी पोलीस ठाण्यातला एक उपनिरीक्षकच मेफेड्रोनच्या प्रकरणात पकडला गेला, हे पिंपरी-चिंचवडकर विसरलेले नाहीत. पण नवे कायदे कुणी मागतच नाही. एफेड्रिनसारख्या रसायनांचा उत्पादन, खरेदी, विक्री, साठा असा सगळा हिशेब ठेवण्याचा आदेश २०१३ चा आहे, आणि त्याआधीचा १९९३ चा. कागद आहेत. ते वाचणारा डोळा हवा. बंद पडलेल्या कारखान्यात पुन्हा दिवे लागले, तर कोणते उत्पादन सुरू झाले, हे औद्योगिक वसाहतीच्या कार्यालयाने विचारावे. गाळा देताना मालकाने भाडेकरूचे आधी कुठे काम होते ते पाहावे आणि वर्षातून दोनदा आत डोकावावे. उद्योजकांच्या संघटनांनी ही गोष्ट आपल्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावी. यात प्रामाणिक कारखानदाराचे काहीच जात नाही. उलट कुरकुंभचे नाव जगाच्या बातम्यांत गेले, तेव्हा त्याच वसाहतीतल्या सरळमार्गी औषध कंपन्यांनाच खाली मान घालावी लागली असेल.

घरांनीही काही करायला हवे. नोकरीला लागलेल्या मुलाचा पगार अचानक तिप्पट झाला, की पेढे वाटण्याआधी 'काम काय आहे रे?' एवढे विचारायला हरकत नसावी. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना पदवीबरोबर या कायद्याचा एक तासही द्यावा. आणि काही संशयास्पद दिसले तर कळवण्यासाठी २०२४ पासून १९३३ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. व्यसनात सापडलेल्यालाही तिथे सल्ला मिळतो.

शेवटी एका गोष्टीची आठवण ठेवू. पिंपरीच्या उद्योगनगरीचा पायाच औषधाने घातला गेला. १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळू लागले. पुढे ऐंशीच्या दशकात गर्द आली, पोरे तिच्यात बुडू लागली, तेव्हा डॉ. अनिल अवचटांनी तिच्याबद्दल लिहून समाजाला हलवले. १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचटांसह त्यांनी येरवड्यात 'मुक्तांगण' सुरू केले. तेव्हाचा लढा निदान बाहेरून येणाऱ्या विषाशी होता. आता विषाच्या उगमाचा पत्ता आपल्याच तालुक्यांतला आहे. पेनिसिलिन काढणाऱ्या हातांच्या पुढच्या पिढीला एमडी काढायला बोलावले जाते आहे.

मालिका शेवटच्या भागात संपते, कारण म्होरक्या पकडला जातो. आपल्याकडे २०१६ साली सोलापूर झाले, २०२० साली रांजणगाव, २०२३ साली शिंदे, २०२४ साली कुरकुंभ. दर वेळी माणसे पकडली गेली आणि दर वेळी दुसऱ्या कुठल्या तरी बंद शेडला नवे कुलूप लागले. त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, हे पोलिसांच्या आधी शेजारच्या गाळेवाल्याला ठाऊक असते. त्याने फक्त विचारले पाहिजे.