पट जरूर काढा, पण मान आणि गुडघा सांभाळून!

मंडळी, कुस्तीशी आपल्या शहराचे नाते जुने आहे. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत झाली आणि दिनकर दह्यारी यांनी ती जिंकली. आता तालमीत घडलेली काही मुले ब्राझिलियन जिउ-जित्सूकडेही वळू लागली आहेत. "डॉक्टर, कुस्तीत माझा दुहेरी पट हमखास बसतो, पण इथे माझीच मान अडकते," ही त्यांची नेहमीची तक्रार.

असे का होते?

कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. तिथूनच तो पायांनी तुमची कंबर जखडतो आणि हातांनी गळा आवळतो. पट काढताना तुमचे डोके खाली झुकून त्याच्या बगलेत गेले, तर तुमचे दोन गुण मोजण्याआधीच 'गिलोटिन'चा फास बसतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो आणि साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते.

माझे मत

जिउ-जित्सूत सुरुवात एकेरी पटाने करा. डोके आतल्या बाजूला, समोरच्याच्या छातीला टेकवून ठेवा. नजर वर, पाठ सरळ. अशाने गळा सहज हाती लागत नाही आणि मानेवर भारही कमी येतो. दुहेरी पट काढायचाच असेल, तर समोरचा पडताच त्याच्या पायांच्या मधे थांबू नका, बाजूला सरका.

मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर सहावे आले. मॅटची सवय करून त्यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. एवढ्या मोठ्या मल्लालाही नवी जागा नव्याने शिकावी लागली, तिथे आपण कमीपणा का मानायचा?

गुडघ्याचे काय?

मातीत पाऊल थोडे सरकते. मॅटवर ते घट्ट बसते. पाऊल तिथेच राहून शरीर वळले, की सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि एसीएल हे लिगामेंट किंवा आतली गादी फाटू शकते. 'कट्' असा आवाज, काही तासांत आलेली सूज, गुडघा निसटल्यासारखा वाटणे किंवा सरळ न होणे, यातले काहीही झाले तर सराव लगेच थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ताज्या दुखापतीवर तेल लावून जोरात मालीश करू नका, कुणाकडून गुडघा ओढूनही घेऊ नका.

मानेला मार लागून हातापायांत मुंग्या आल्या किंवा बळ कमी वाटले, तर मान न हलवता थेट रुग्णालय गाठा.

शेवटी एकच सांगणे

जिउ-जित्सूत हार मानायची असेल तर थाप मारतात. आपल्या पैलवानांना नेमके तेच जमत नाही. "थोडे सोसू," म्हणत ते थांबतात आणि दुखापत होऊन बसते. थाप मारणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येतो. फाटलेल्या एसीएलवर शस्त्रक्रिया झाली, तर मैदानावर परतायला बहुधा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हिशेब तुम्हीच करा.