उत्तरे उरली, प्रश्न गेले

जून महिना आला की आपल्याकडील बहुतेक उपनगरांत सोसायट्यांच्या फाटकांवर एक फलक लागतो: गायन, पेटी, तबला, वयोगट पाच ते साठ, परीक्षांची तयारी करून घेतली जाईल. हा फलक आम्ही इतक्या वर्षांपासून पाहत आलो आहोत की त्यातील शब्दांकडे लक्ष जाणे थांबले आहे. वस्तुतः त्यातील दोन गोष्टी विचारार्ह आहेत. पाच वर्षांचे मूल आणि साठीचा गृहस्थ एकाच वयोगटात बसतात, ही एक. आणि संगीत शिकण्याचे फलित परीक्षा हेच आहे, असे तेथे गृहीत धरलेले असते, ही दुसरी.

या व्यवस्थेचे ऋण आम्ही नाकारत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि 1908 मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. तोपर्यंत गाणे शिकायचे तर एखाद्या उस्तादांच्या वा बुवांच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे, त्यांची मर्जी सांभाळावी लागे, आणि तरीही सारी विद्या मिळेलच याची शाश्वती नसे. मध्यमवर्गीय घरांतील मुलींना तर ती वाट जवळपास बंदच होती. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम आणि छापील पुस्तके यांमुळे ती उघडली. पलुस्करांच्या निधनानंतर, 1931 मध्ये, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांनी गावोगावच्या शिक्षकांना एक समान चौकट दिली. गुरुकुलाचे गोडवे गाऊन क्लासला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ते करणाऱ्यांपैकी किती जणांना त्या गुरुकुलात प्रवेश मिळाला असता, हेही विचारले पाहिजे.

आमचा आक्षेप निराळा आहे. या चौकटीला शास्त्राचा आधार मिळाला तो मुख्यतः विष्णु नारायण भातखंडे यांच्या लेखनातून. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मराठी ग्रंथ 1910 पासून चार भागांत प्रसिद्ध झाला. साहित्याच्या अभ्यासकांनी तो एकदा तरी चाळावा, कारण तो संवादरूपाने लिहिलेला आहे. त्यातील शिष्य शंका काढतो, आणि गुरू ती सोडवताना वेगवेगळी मते पुढे मांडतो. पुढे पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शिका तयार झाल्या तेव्हा या संवादातला शिष्य गळून गेला. आरोह, अवरोह, वादी, संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय असे तक्ते तेवढे राहिले. ही सारी एकेकाळी कोणाच्या तरी प्रश्नांची उत्तरे होती, हे आता मुलाला कळण्याचा मार्ग नाही.

एक साधे उदाहरण पाहू. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत तेच पाच शुद्ध स्वर लागतात: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. तक्ता सांगतो की भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. वरच्या परीक्षांच्या लेखी प्रश्नपत्रिकेत अशा जोड्यांचा साम्यभेद लिहून पूर्ण गुण मिळवता येतात, आणि तेही दोहोंपैकी एकही राग सलग अर्धा तास न ऐकता. वास्तविक तेच पाच स्वर घेऊन दोन निरनिराळ्या व्यक्ती कशा उभ्या राहतात, हे या संगीतातील एक मोठे आश्चर्य आहे. भूपात गाणे गंधाराभोवती विसावते. देशकारात ते वरच्या अंगात, धैवताच्या आधाराने उभे असते आणि ऋषभ जेमतेम स्पर्शापुरता येतो. हे कानाला कळल्यावर तक्ता लिहिला तर त्याला अर्थ आहे. क्लासमध्ये मात्र क्रम बहुधा उलटा असतो, आणि पहिली पायरी गाठल्यावर दुसरी राहूनच जाते.

हे लिहिताना आम्हाला आमचेच वर्ग आठवतात. कविता न वाचता तिचे रसग्रहण लिहिणारे विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिले आहेत. किंबहुना तसे लिहायला आपणच त्यांना शिकवले आहे. तेव्हा संगीतशिक्षकांकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हाला फारसा नाही.

प्रौढ विद्यार्थ्याची कथा अधिक करुण आहे. आमच्यापैकी एकाने पन्नाशी उलटल्यावर गाणे शिकायला सुरुवात केली. तीस वर्षे मैफली ऐकलेला हा माणूस प्रारंभिकच्या मुलांबरोबर बसून अलंकार घोकू लागला. त्यात कमीपणा वाटावा असे काही नव्हते. स्वर लागायला तीच वाट आहे. मात्र एकदा त्याने विचारले, की अमुक गायक हाच स्वर थोडा उतरता का लावतात? त्यावर उत्तर मिळाले, ते अभ्यासक्रमात नाही. चार महिन्यांनी त्याने क्लास सोडला. प्रौढांचा गळा वळत नाही हे खरे. पण त्यांच्यापाशी मुलांकडे नसलेल्या दोन गोष्टी असतात: साठवलेले ऐकणे आणि प्रश्न. उशिरा आलेले मूल समजून त्यांना शिकवले की या दोन्ही वाया जातात.

परीक्षा नसेल तर पालक फी भरणार नाहीत, असे शिक्षक सांगतात, आणि ते खोटे नाही. भाड्याच्या खोलीत क्लास चालवणाऱ्याला आदर्शवाद परवडत नाही. शिवाय मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला सवलतीचे गुण मिळण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. तेव्हा पालकांचा हिशेबही समजण्यासारखा आहे. म्हणून परीक्षा बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. आठवड्याच्या दोन तासांतील अर्धा तास केवळ ऐकण्यासाठी आणि ऐकलेल्यावर बोलण्यासाठी राखून ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्या अर्ध्या तासात मुले आणि मोठी माणसे एकत्र बसली तर पाच ते साठ या वयोगटालाही अर्थ येईल.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पलुस्करांचेच शिष्य बी. आर. देवधर यांच्या मुंबईच्या संगीत विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे कलावंत येऊन गात, त्यांच्या गाण्यावर चर्चा होत. 1930च्या दशकात तेथे शिकायला आलेला कुमार गंधर्व नावाचा मुलगा त्याच वातावरणात वाढला. असा मुलगा प्रत्येक क्लासमधून निघणार नाही, हे उघड आहे. पण भूप संपून देशकार सुरू झाल्यावर मान वर करून पाहणारी दहा माणसे जरी निघाली, तरी सभागृहांतील रिकाम्या खुर्च्यांविषयी आपण दरवर्षी जी तक्रार करतो ती थोडी कमी करावी लागेल.