साक्षीदार किती?

मनुष्याचे पुष्कळसे ज्ञान ऐकीव असते. पृथ्वी गोल आहे हे प्रत्येकाने मोजून पाहिलेले नसते. देवळ्याचा शेतकरी उमराण्याच्या बाजारात कांदा नेण्यापूर्वी तेथून परतलेल्या शेजाऱ्याला भाव विचारतो आणि त्याच्या शब्दावर गाडी भरतो. यात भोळेपणा नाही. शेजारी स्वतः बाजार पाहून आलेला असतो. शिवाय तो खोटे बोलला, तर उद्या त्याला तोंड दाखवावयाचे असते. अशा विश्वासावाचून गावाचा व्यवहार एक दिवसही चालणार नाही.

परंतु ज्या शब्दाला धनीच नाही, त्याचे काय? २०१८ साली मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून महाराष्ट्रात पसरली. देवळ्याच्या उत्तरेस, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तेथे आठवड्याचा बाजार होता. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच निरपराध माणसे तेथे आली होती. जमावाने त्यांना मुले पळविणारे समजून ठार मारले. त्याच रात्री देवळ्याशेजारच्या मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरले. त्यांच्याबरोबर लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना वाचविले.

‘इतके लोक सांगतात, ते खोटे कसे असेल?’ असे पुष्कळांना वाटते. चूक होते ती येथेच. एका विहिरीचे पाणी शंभर घागरींत भरले, म्हणून विहिरी शंभर होत नाहीत. तसाच एक निनावी निरोप शंभर जणांनी पुढे धाडला, म्हणून साक्षीदार शंभर होत नाहीत. कदाचित एकही नसतो.

‘खबरदारी म्हणून सांगितले, त्यात काय बिघडले?’ असेही कोणी म्हणेल. काय बिघडते, हे राईनपाड्याने दाखविले आहे. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. अशा मर्यादेने अफवेचा वेग कमी होऊ शकतो. पण खरेखोटे ठरविण्याचे काम यंत्राचे नव्हे, माणसाचे आहे.

जो वार्ता पुढे सांगतो, तो तिच्या बाजूने साक्षच देत असतो. म्हणून साक्ष देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : हे कोणी स्वतः पाहिले? आणि खोटे ठरल्यास जाब कोण देणार? शंका खरोखरीच गंभीर वाटली, तर ती पोलिसांना कळवावी, जमावाला नव्हे. या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत जो मौन पाळतो, त्याच्याच शब्दावर पुढे गाव विश्वास ठेवते.