शेजारणीची गोळी

छातीत धडधडतं, दरदरून घाम फुटतो, कार्डिओग्राम मात्र स्वच्छ! मग शेजारीण देते तिची अल्प्राझोलामची गोळी. तासाभरात बरं वाटतं खरं, पण मैत्रिणींनो, या गोळीची सवय लागते आणि दुखणं राहतं तिथंच. रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचे डॉक्टर, ही समजूत आता पुरे झाली. त्यांनी दिलेल्या एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळीचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. तोवर धीर धरायचा. भीतीचे विचार तपासायला शिकवणारे, नुसत्या बोलण्याचे उपचारही तितकेच गुणकारी आहेत. घरात सांगायचा संकोच वाटतो? सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ फिरवा, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.