काठी कुणाच्या मापाची?

माझा एक भाचा पुण्यात नोकरीला आहे. पगार बरा, प्रकृती धडधाकट, आणि साहेबांच्या नादाने त्याला गोल्फचा छंद लागलेला. गेल्या दिवाळीत आला तेव्हा गोल्फच्या नव्या काठ्यांचे कौतुक त्याला पुरत नव्हते. (त्या काठ्यांना ते लोक ‘क्लब’ म्हणतात.) दुकानदाराने त्याला बूट घालून ताठ उभे केले, हात मोकळे सोडायला लावले आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजले. पंजा केवढा, बोटे किती लांब हे पाहून मुठीची जाडी ठरवली. एवढ्यावर न थांबता पंचवीस-तीस चेंडू मारायला लावले आणि काठीचे टोक जमिनीला कसे टेकते ते पाहिले. तयार संच बराच स्वस्त पडला असता. पण, “मामा, दुसऱ्याच्या मापाच्या काठीने खेळलं की पाठ तरी दुखते नाहीतर चेंडू तरी भलतीकडे जातो,” असे त्याचे म्हणणे. म्हणणे खोटे नाही.

त्याच दिवाळीत त्याने आपल्या आईसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीसाठी, एक काठी आणली. शिसवी रंग, पितळी कडे, छत्रीसारखी वळणदार मूठ. काठी देखणी होती यात शंका नाही. ही मात्र दुकानात उभ्या करून ठेवलेल्या काठ्यांतून, दिसायला सर्वांत चांगली म्हणून उचललेली. जिच्यासाठी घेतली ती अक्का त्या वेळी दुकानापासून दोनशे किलोमीटर दूर होती.

अक्काची उंची जेमतेम चार फूट दहा इंच. उजवा गुडघा झिजलेला. काठी 36 इंचांची. घरात दहा माणसे होती, सर्वांनी काठी हातात घेऊन पाहिली, वजन पाहिले, किंमत विचारली. अक्काला ती लांब आहे हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. माझ्याही नाही, आणि मी डॉक्टर आहे.

जानेवारीत अक्काचा उजवा खांदा दुखू लागला. मी गोळ्या दिल्या, मलम दिले, एकदा एक्स-रे काढला, आणि “वय झालं अक्का” हे आम्हा डॉक्टरांचे ठेवणीतले वाक्यही ऐकवले. होळीच्या सुमारास एका पहाटे “ती धोंड कशाला सांभाळायची” म्हणून तिने काठी कोपऱ्यात ठेवली आणि तशीच न्हाणीघरात गेली. शहाबादी फरशी ओली होती. उजव्या मनगटाचे हाड मोडले. खुब्याचे हाड वाचले हे आमचे नशीब. ते मोडले की अनेक वृद्ध माणसे पुन्हा पहिल्यासारखी हिंडतफिरत नाहीत, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की त्या पहाटे माझाच हात थरथरत होता.

प्लास्टर घालून झाल्यावर एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी खोलीत आली. भिंतीला टेकलेली काठी पाहून तिने विचारले, “ही कोणाची?” मी म्हटले, “हिचीच.” तिने अक्काकडे पाहिले, काठीकडे पाहिले आणि म्हणाली, “नाही डॉक्टर, ही आजींची नाही. ही सहा फुटी माणसाची आहे.” मग टेप काढून मापे घेतली. अक्काला हवी होती 30 इंचांची काठी. तब्बल सहा इंच जास्त! एवढी लांब काठी टेकायची तर दर पावलाला खांदा कानापर्यंत वर जाणार. तीन महिने मी खांद्याला औषध देत होतो आणि दुखणे होते काठीत.

वाचकहो, यात मला माझी आणि माझ्या व्यवसायबंधूंची चूक अधिक वाटते. कोणताही डॉक्टर गोळी लिहून देताना ती किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा हे लिहितो. काठीच्या बाबतीत मात्र केसपेपरवर ‘काठी वापरणे’ एवढे दोन शब्द लिहून आम्ही पुढच्या रुग्णाकडे वळतो. किती लांबीची, कोणत्या हातात, कोणत्या मुठीची, काही नाही. मग मुलगा बाजारात जातो आणि असेल ती घेऊन येतो.

यावर कोणी म्हणेल, “आमचे आजोबा बाभळीची फांदी तोडून नव्वद वर्षांपर्यंत चालले, त्यांना कोणी टेप लावला होता?” प्रश्न रास्त आहे, उत्तरही सोपे आहे. धनगराची काठी किंवा वारकऱ्याच्या हातातली काठी पाहा. 1930 साली दांडीला निघालेल्या गांधीजींच्या छायाचित्रातली काठी आठवा. ही उंच काठी असते, तिला मूठ नसते. माणूस ती आपल्या सोयीच्या उंचीवर पकडतो. चढणीला हात खाली सरकतो, उतारावर वर जातो. माप काठीला नसते, ते हात स्वतः शोधतो. मूठवाल्या काठीत ही सोय नाही. तिथे हात एकाच जागी बांधला जातो, म्हणून ती जागा बरोबर हवी. माप चुकण्याचा रोग मुठीबरोबर आलेला आहे म्हणा ना.

माप घ्यायला दोन माणसे लागतात, कारण स्वतःचे माप घेताना माणूस वाकतो आणि वाकला की माप चुकते. नेहमी चालताना जी चप्पल वापरतो ती पायात घालून जमेल तितके ताठ उभे राहावे. दोन्ही हात सैल सोडावेत. दुसऱ्याने मनगटाच्या आतल्या बाजूला जी आडवी घडी पडते तिथपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. तेच काठीचे माप. मुठीच्या माथ्यापासून खालच्या रबरासकट. माझ्या भाच्याला गोल्फच्या दुकानात जे मोजले तेच, अगदी तेच! काठी टेकून उभे राहिल्यावर कोपर किंचित वाकलेले दिसले पाहिजे, साधारण 20 ते 30 अंश. कोपर काटकोनात वाकले तर काठी लांब आहे, अगदी सरळ राहिले तर आखूड. पाठीला पोक असेल तर तरुणपणच्या उंचीवर जाऊ नये. आज जसे उभे राहता येते तसे माप घ्यावे. घरात अनवाणी आणि बाहेर जाड तळव्याच्या चपला असतील तर अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक पडतो, तो चालतो. सहा इंचांचा चालत नाही.

लांब काठीने काय होते ते अक्काच्या खांद्याने सांगितले. शिवाय लांब काठीवर भार देताच येत नाही, ती नुसती बरोबर फिरवली जाते. आखूड काठीने माणूस पुढे आणि एका बाजूला झुकतो, कंबर धरते, तोल जातो आणि मनगटावर फाजील भार येऊन तळहात बधिर होऊ लागतो.

मापानंतरची मोठी चूक हाताची. अनेक जण दुखऱ्या पायाच्या बाजूलाच काठी धरतात. मनाला तेच पटते, कारण जिथे दुखते तिथे टेकू द्यावा असे वाटते. प्रत्यक्षात काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. चालताना आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. उजव्या पायावर उभे असताना बाकीचे सगळे शरीर डावीकडे कलू पाहते आणि ते सावरायला उजव्या खुब्याच्या बाहेरचे स्नायू जोराने ओढतात. हे स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असल्याने त्यांना फार ताकद लावावी लागते, आणि शरीराचे वजन व ही ओढ असा दुहेरी दाब सांध्यावर येतो. डाव्या हातातली काठी मात्र त्या सांध्यापासून लांब असते. लांब पहारेने थोड्या जोरात मोठा धोंडा हलतो, तसा तिथे दिलेला थोडासा रेटाही त्या स्नायूंचे बरेच काम हलके करतो. अमेरिकेतील अस्थिशल्यतज्ज्ञ ब्लाउंट यांनी 1956 साली ‘काठी फेकून देऊ नका’ अशा मथळ्याचा लेख लिहून हेच मांडले होते. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे जावेत, मग चांगला पाय. जिना चढताना आधी चांगला पाय; उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. कठडा असेल तर एका हाताने तो धरावाच.

अक्काचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेल्यामुळे काठी आपोआप डाव्या हातात आली, म्हणजे जिथे ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती तिथे!

मुठीबद्दल थोडेसे. छत्रीसारखी वळणदार मूठ खुंटीला अडकवायला आणि मनगटावर टांगायला बरी, पण हाताचा भार काठीच्या दांड्यावर सरळ पडत नाही. रोज भार द्यायचा असेल तर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी किंवा तळहाताला भरून बसणारी सपाट मूठ बरी. बोटांचे सांधे सुजलेले असतील तर मूठ जाड हवी. मूठ फार बारीक असेल तर तिच्यावर सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळावी, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि खालचे रबर. काठी वीस वर्षे टिकते, रबर टिकत नाही, आणि घरात कोणी ते उलटून पाहत नाही. रबराच्या तळाच्या कड्या झिजून गुळगुळीत झाल्या की पावसाळ्यात ती काठी आधार न राहता घसरगुंडी होते. शंभर रुपयांच्या आतली वस्तू आहे, पण काठीच्या जाडीचीच घ्यावी. सैल बसणारे रबर दोरा गुंडाळून बसवू नये.

आता मूळ प्रश्न, तयार घ्यावी की मापाने करून घ्यावी? माझे मत असे की बहुतेकांना खास बनवून घेण्याची काहीही गरज नाही. ॲल्युमिनियमची, भोके पाडलेली आणि बटण दाबून कमी-जास्त करता येणारी तयार काठी औषधाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. ती नीट लावली तर मापाच्या काठीइतकीच चांगली. फक्त बटण भोकातून पूर्ण बाहेर आल्याची खात्री करावी आणि कडे आवळावे. लाकडी काठीच हवी असेल तर थोडी लांब घेऊन सुताराकडून खालच्या टोकाने कापून घ्यावी. एका पायाची लांबी कमी असेल, हात वाकडा असेल, उंची फारच कमी किंवा जास्त असेल तर मात्र जाणकाराकडून करून घ्यावी. अर्धांगवायूनंतर वापरायची चार पायांची काठीही फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय घेऊ नये; तिच्या पायांची आखूड बाजू शरीराकडे ठेवायची असते, ती उलटी धरली की स्वतःचाच पाय अडकतो. आणि ज्याला चक्कर येते त्याने काठीआधी रक्तदाब व चालू असलेल्या गोळ्या तपासून घ्याव्यात.

मुद्दा तयार किंवा मापाची असा नाहीच. ज्याने चालायचे तो माणूस खरेदीच्या वेळी दुकानात होता का, एवढाच आहे. आपण दोन वर्षांच्या नातवाला चपला घेतानाही त्याला दुकानात नेतो.

याच कारणाने मला काठीवाटपाच्या काही समारंभांबद्दल बोलावेसे वाटते. 2017 साली केंद्राने गरीब ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली, तिच्यात काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, चष्मे, कवळ्या यांची सोय आहे, आणि आधी तपासणी शिबिर व मग वाटप अशी शहाणी पद्धत आहे. 2024 साली राज्य सरकारने मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांच्या बँक खात्यात 3000 रुपये देण्याचे ठरवले. त्यामुळे माणूस आपल्या मापाची वस्तू स्वतः निवडू शकतो. हे चांगलेच आहे. पण गावोगावी वाढदिवसानिमित्त होणाऱ्या वाटपात मी पाहिले आहे की पन्नास काठ्या एकाच मापाच्या लावलेल्या असतात, हार होतात, फोटो होतो, आणि साडेपाच फुटी आजोबा व पावणेपाच फुटी आजी एकसारखी काठी घेऊन एसटीत बसतात. दात्यांना माझी एकच विनंती आहे. व्यासपीठाजवळ टेप घेतलेला एक माणूस उभा करा आणि बटणाच्या काठ्या द्या. दर माणशी दोन मिनिटे लागतील.

आमच्या घरी प्लास्टर सुटल्यावर सुताराला बोलावले. शिसवी काठी वाया घालवायला अक्का तयार नव्हती, लेकाने आणलेली ना! खालून सहा इंच कापली, टोक जाड झाले म्हणून मोठे रबर शोधून बसवले. भाच्याला फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, माझं माप घेतलं तेव्हा मी स्वतः तिथे होतो. आईचं माप घ्यायचं मला सुचलंच नाही.” अक्काचा खांदा आता दुखत नाही, ती सकाळी देवळापर्यंत जाऊन येते. कापलेला तुकडा तिने माजघराच्या खिडकीला टेकण म्हणून लावला आहे.