शाल, श्रीफळ आणि उमरेडचा माग

नागपूर शहरात सत्कारसमारंभांना तोटा नाही. शाळा, महाविद्यालये, बँका, सरकारी कचेऱ्या, सर्वत्र महिनाअखेरीस कोणी ना कोणी सेवानिवृत्त होतो. वर्गणीची यादी फिरते, आणि बाजारातून एक शाल, एक नारळ, पुष्पगुच्छ व काचेचे वा प्लास्टिकचे स्मृतिचिन्ह आणले जाते. ही शाल बहुधा परप्रांतातील यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या शहरात तिचा उपयोग काय, हे सत्कारमूर्तीलाही ठाऊक असते. घडी न मोडता ती कपाटात जाते आणि यथावकाश दुसऱ्या एखाद्या सत्काराला निघते.

जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटवस्तूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. घेणाऱ्याच्या लेखी भेटीचे मोल देणाऱ्याने मोजलेल्या रकमेपेक्षा कमी असते आणि या तफावतीत दहा टक्क्यांपासून एकतृतीयांशापर्यंत मूल्य निव्वळ वाया जाते, असा त्याचा हिशेब. त्यात भावनेला स्थान नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु सत्काराच्या शालीत भावना तरी कितीशी उरली आहे?

याच शहरापासून ५० किलोमीटरांच्या आत उमरेड आहे. तेथील, तसेच भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव आदी गावांतील विणकर करवतकाठी वस्त्र विणत आले आहेत. पूर्व विदर्भाच्या अरण्यात ऐन व अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या कोशांपासून मिळणारे टसर रेशीम, आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, ही त्याची ओळख. दोन काठांना दोन व अंगाला एक असे तीन धोटे चालवावे लागतात. काठाचा बाणा अंगात न शिरता सीमेवरच अंगाच्या बाण्यात अडकून परत वळतो. काम त्यामुळे संथ, आणि किंमत चढी. यंत्रमागावरील नक्कल दुरून तशीच दिसते, स्वस्तही असते. दोहोंतील भेद ग्राहकाला कळत नाही तोवर तो नकलेचाच भाव देऊ करणार, आणि त्या भावात हातमाग चालणे अशक्य. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे खरे, पण मानांकनाने गिऱ्हाईक दुकानात येत नाही.

येथेच गावातील लहान दुकानाचे महत्त्व आहे. माल कोणत्या मागावरचा, हे तेथील दुकानदाराला सहसा ठाऊक असते. कापड उलटे करून काठाची सीमा दाखवा, असे त्याला सांगता येते, आणि ‘हातमाग’ हा शब्द पावतीवर लिहून मागता येतो.

टसरचे उपरणे शालीहून महाग पडेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र वर्गणी शालीवरच संपत नाही. पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, चकचकीत वेष्टन यांवरील खर्च एकत्र धरला तर अंतर बरेच कमी होते. उरलेले माणशी थोडी वर्गणी वाढवून भरता येईल. खरी अडचण वेळेची आहे. यादी फिरते शेवटच्या आठवड्यात, आणि मागावरच्या कामाला त्याहून अधिक अवधी लागतो. पण नोकरदाराच्या निवृत्तीचा दिवस तो रुजू होतो तेव्हाच सेवापुस्तकावरून सांगता येतो. वर्षारंभीच नावे काढून उमरेडला मागणी नोंदवण्यास कोणत्या कार्यालयाची हरकत असावी?